बादलीत न पडलेला फोन

आई, काल परत बादलीचा विषय निघाला. अण्णांचा स्मृतिदिन होता. खरवईच्या ह्या फ्लॅटमध्ये सगळे जमले होते, वंदना झाली, जेवणं झाली आणि नेहमीप्रमाणे अण्णांच्या आवाजाची ती क्लिप टीव्हीवर लावली. ताईंचा नवा जावई पहिल्यांदाच आला होता. त्याने साधं विचारलं, एवढी जुनी क्लिप राहिली कशी? झालं, ताईंना, तुमच्या लेकीला, तेवढंच हवं होतं. "अरे, राहिली हेच नशीब! आमच्या आईने फोन बुडवला होता बादलीत, धुण्याबरोबर!" सगळे खो-खो हसले. ते 'धुण्याबरोबर' ह्या वर्षी नवीन होतं. आधी नुसती बादली होती, मग मध्येच कधीतरी तिच्यात साबणाचं पाणी आलं, आता धुणंही येऊन पडलं. मी खिरीच्या वाट्या गोळा करत होते. तुम्हाला वाटेल, ह्या वेळी तरी मी तोंड उघडलं असेल. नाही उघडलं.

फोन बादलीत पडलाच नव्हता. ही गोष्ट जगात आपल्या दोघींनाच माहीत होती. त्यातल्या तुम्ही गेलात, राहिले मी, आणि मी ही अशी, वाट्या गोळा करणारी. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो. नसेल पडत. पण ज्या बाईच्या हातून कधी कपाचा कान उडाला नाही, तिची आठवण तिच्याच घरात फोन बुडवणारी म्हणून निघते, आणि ती माझ्यामुळे निघते. लाज वाटते मला, आई. साधी नाही, तोंडाची चव जाते अशी. आज सगळे आपापल्या घरी गेल्यावर टेबल पुसलं आणि हे लिहायला बसले. ठरवलंय की हे लिहून ताईंना वाचून दाखवायचं. बघू.

तुम्हाला मी आई म्हणायचे, पण अहो म्हणायचे. बदलापूरच्या माझ्या आईला मी 'ए आई' म्हणते, तिच्याशी कचाकचा भांडते आणि लगेच तिच्याच ताटात जेवते. तुमच्याशी भांडायची सवय लागली नाही, कारण तुम्ही भांडायला सापडतच नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्या दोन खोल्या, सकाळची कामं आटपली की दाराशी उजेडात बसायचात आणि जीन्सचे गठ्ठे सोडायचात. कारखान्यातून शिवून आलेल्या पँटी, त्यांचे लोंबते धागे कापायचे, पुन्हा गठ्ठा बांधायचा. निळी रुई घरभर उडायची. डाळीत निळं, चादरीत निळं, तुमच्या पांढऱ्या केसांत निळं, नाक शिंकरलं तरी निळं. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला किळस यायची, आणि ती मी लपवायचेही नाही नीट. तुम्ही मात्र त्या छोट्या कात्रीने धागा असा कापायचात की कापडाला टोक लागायचं नाही. शेठ म्हणायचा, "अम्मा का पीस मैं चेक नहीं करता." हे वाक्य तुम्ही आल्यागेल्याला ऐकवायचात, लोक पोरांचे मार्क ऐकवतात तसं. आणि वंदनेनंतर उरलेले मेणबत्तीचे तुकडे डब्यात जपून ठेवायचात. पँटची चेन अडकत असली की तिच्यावर मेण घासायचं, दोऱ्याचं टोक पिंजलं की त्याला मेण लावायचं. तुमच्याकडे बहुतेक सगळ्या रोगांवर मेण हेच औषध होतं.

दुसरं काय ऐकवायचात, तर माझं कौतुक. "आमच्या सुनेला कॉम्प्युटर येतो." गल्लीत, विहारात, रेशनच्या रांगेत, अगदी गठ्ठे टाकायला येणाऱ्या रिक्षावाल्यालासुद्धा. मी तुम्हाला कधी अडवलं नाही. माझा कॉम्प्युटर म्हणजे काय होता, सांगू का? अंबरनाथच्या क्लासमध्ये एका कॉम्प्युटरवर आम्ही तिघी. माऊस कायम मधल्या मुलीच्या हातात, मी आपली कडेला बसून मान हलवणारी. परीक्षेत पाठ केलेलं उतरलं आणि सर्टिफिकेट मिळालं. पेंटमध्ये घर काढायचं, वर्डमध्ये अर्ज टाईप करायचा, एवढी माझी विद्या. एकदा वरच्या मजल्यावरची सिंधी भाभी आली, म्हणाली, "बहू, मेरे कॉम्प्युटर में वायरस आ गया." मी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "फॉर्मॅट मारना पडेगा." तेवढं एक वाक्य मी कुठूनतरी शिकून ठेवलं होतं. ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी डॉक्टरीण आहे. तुमच्या मुलाने घरात कॉम्प्युटर आणला तोही माझ्या नावावर, "हिला येतो ना." मी त्याच्यावर पत्त्यांचा गेम खेळायचे आणि कोणी आलं की खिडकी छोटी करायचे.

फोन अण्णांचा. अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी निरोपाला दिला होता. मोठा स्क्रीन, कॅमेरा, गाणी, सगळं त्यात. स्मार्टफोन हा शब्द अजून आपल्या घरी यायचा होता, आपण त्याला मल्टिमीडिया म्हणायचो. अण्णा पोरासारखे नादावले. चहाचं आधण उकळताना शूटिंग, विहाराच्या पायऱ्या चढणाऱ्या लोकांचं शूटिंग, गल्लीतल्या झोपलेल्या कुत्र्याचं शूटिंग. आणि बहुतेक सगळं चुकून पुसायचे. राहिली ती एकच क्लिप. तुम्ही दाराशी बसून धागे कापताय, आणि मागून अण्णांचा आवाज, "ह्या बघा आमच्या मॅनेजरबाई. ह्यांच्या हातून आजपर्यंत एक कप फुटला नाही. फुटलं ते फक्त माझं नशीब." तुम्ही मानसुद्धा वर करत नाही. कात्री चालू ठेवून म्हणता, "दोन्ही वेळा गरम गरम जेवतंय बरं का ते फुटलेलं नशीब." मग अण्णा हसतात, कॅमेरा हलतो, छत दिसतं, संपलं. अण्णा स्वतः त्यात दिसतच नाहीत. काही महिन्यांनी ते सकाळी विहारातून आले, पाणी मागितलं, आणि तुम्ही पेला भरून आणेपर्यंत ते भिंतीला टेकूनच गेले.

त्यानंतर फोन तुमच्याकडे आला. फोन लावायला तो तुम्ही कधी घेतला नाहीत. गठ्ठा संपला की रुईने माखलेल्या हातांनी ती क्लिप लावायची आणि फोन कानाला दाबून ऐकायचं, कारण त्याचा स्पीकर फाटला होता, लांबून नुसती खरखर यायची. एकदा मी तुमच्या हातातून फोन घेतला. चार्जिंगची पिन लावायचं भोक वेगळं होतं, आणि त्याच्या बाजूला एक चपटं भोक, त्याच्यावरचं रबरी झाकण तुटून गेलं होतं. मी म्हणाले, आणि कसल्या तोऱ्यात म्हणाले, "आई, ह्याचं झाकण गेलंय. ही रुई आत गेली ना तर सर्किट शॉर्ट होईल. काहीतरी लावून बंदच ठेवा हे भोक." ते भोक कशाचं, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्यासमोर दोन इंग्रजी शब्द टाकायला मिळाले, एवढंच. बोलले आणि विसरले. तुम्ही कोणाचं काही विसरत नव्हता.

वर्ष भरत आलं तसा फोन खंगायला लागला. मध्येच स्क्रीन पांढरा फटक पडायचा, आपोआप बंद व्हायचा. "ह्याचाही जीव चाललाय वाटतं," तुम्ही म्हणालात. मग भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता विचारलंत, "कॉम्प्युटरमध्ये घेता येतो ना गं आवाज?" मी म्हणाले, "अहो आई, त्यात काय, पाच मिनिटांचं काम!" आयुष्यात कुठला फोन कुठल्या कॉम्प्युटरला लावला नव्हता मी. तुम्ही मात्र ठरवूनच टाकलंत. अण्णांच्या पहिल्या स्मृतिदिनाला, पुण्यानुमोदनाला सगळे येतील, तेव्हा सगळ्यांनी मिळून ऐकायचं. ताईंना फोन गेला, चुलतसासऱ्यांना सांगावा गेला. "आमची सून लावणार आहे." आधी एकदा करून बघायला नको का? तुमच्या मुलाने केबल आणून दिली होती आदल्या दिवशी. मी म्हणाले, कांदे चिरायचेत, मांडव बघायचाय. खरं कारण वेगळंच होतं. करून बघितलं असतं तर येत नाही हे कळलं असतं, म्हणून मी केबलकडे बघतसुद्धा नव्हते.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. भन्तेजी वंदना घेऊन, भोजनदान करून गेलेत. बायका पांढऱ्या साड्यांत सतरंजीवर बसल्यात, पुरुष दारापर्यंत. माझी आईसुद्धा आलीय बदलापूरहून, तुमच्या शेजारी ऐटीत बसलीय, लेकीचं कौतुक बघायला. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणलाय, दोन्ही बाजूंना स्पीकर. मी फोनला केबल लावते, दुसरं टोक सीपीयूला. काही नाही. मी माऊसने रिफ्रेश मारते. परत रिफ्रेश. क्लासमध्ये मधली मुलगी काही अडलं की रिफ्रेश मारायची, तेवढं पाहिलेलं. काही नाही. पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टमध्ये लावते, मान वाकडी करून, धुळीत हात घालून. फोन बंद करून चालू करते. बॅटरी काढून घालते. फोनबरोबर आलेली सीडी टाकते, ती घरघर फिरते, इंग्रजीत काय काय विचारते, मी सगळ्याला येस येस करत सुटते. शेवटी स्क्रीनवर पाटी येते की आता फोन जोडा. अरे, जोडलाय ना! कॉम्प्युटरच्या मते मात्र जगात फोन नावाची वस्तूच नाही.

मग सल्ले सुरू होतात. तुमचा पुतण्या म्हणतो, ब्लूटूथने पाठव. ब्लूटूथ लावलं की तो आजारी फोन तिथल्या तिथे बंदच पडतो. चुलतसासरे म्हणतात, "केबल पुरती आत गेली का गं? मला अर्धीच वाटतेय." आणि आई, मी त्यांच्याकडे न बघता, मास्तरणीसारखी म्हणते, "एवढीच जाते ती." कोणीतरी दारातून ओरडतं, "फॉर्मॅट मार ना!" मी ऐकू न आल्यासारखं करते, कारण फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं, एवढं मला तोवर कळलेलं असतं. स्क्रीन पांढरा पडतो, परत येतो. घाम कानामागून मानेवर उतरतोय. माझी आई पदराशी खेळतेय, खाली बघून. आणि ताई, त्यांचीही चूक नाही, वडिलांचा आवाज ऐकायला कर्जतहून आलेल्या, त्या म्हणतात, "वहिनी, सर्टिफिकेट नक्की कशाचं होतं गं? शिवणाचं?" हशा पिकतो. मला वाटतं, आत्ता ही फरशी फाटावी.

तेव्हा तुम्ही उठलात. सतरंजीवरून, गुडघ्यावर हात देऊन. म्हणालात, "तिला काय बोलताय सगळे? फोन माझ्या हातून बादलीत पडला होता."

 मग ताईंचा बांध फुटला. "आई! अण्णांचा एवढा एक आवाज होता गं! तुला एवढंसं सांभाळता आलं नाही?" पुतण्या म्हणाला, "काकी, निदान सांगायचं तरी आधी." चुलतसासरे नुसते मान हलवत राहिले, त्याचंच जास्त लागलं असेल तुम्हाला. नवऱ्याच्या स्मृतिदिनाला, त्याच्या फोटोपुढे, सगळ्या नातेवाइकांत तुम्ही डोक्यावर पदर घेऊन उभ्या, आणि म्हणताय, "हो बाबांनो, चुकलं माझं." ज्या हातांचा पीस शेठ तपासत नव्हता, त्या हातांना सगळे नावं ठेवत होते. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उठून तुमच्यावर गेल्या, आणि मी सुटले. दिवसभर घरात तुमच्याबरोबर मीच असायचे, बादलीत काही पडलं असतं तर मला कळलं नसतं? मला ते खरं वाटलं नाही. मी ते खरं वाटून घेतलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी केबल गुंडाळता गुंडाळता, जाणत्या बाईसारखी म्हणाले, "पाणी गेलं असेल तर मग नाहीच होणार कनेक्ट." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि खिरीच्या पातेल्याकडे गेलात.

त्यानंतर तुम्ही फोन बंद करून अण्णांच्या फोटोमागे ठेवून दिलात. क्लिप लावणं बंद. आहे तेवढा जीव त्याच्यात राहू दे, असं म्हणालात. दुपारी गठ्ठा संपला की हात रिकामे मांडीवर ठेवून बसायचात, ते मला बघवेना. एके दिवशी तुम्ही विहारात गेलात तशी मी फोन आणि केबल पिशवीत घातली आणि मोबाईलवाल्यांच्या गल्लीत गेले. एक म्हातारा सिंधी दुकानदार, डोळ्याला भिंग लावून बसलेला. मी म्हणाले, "अंकल, पानी में गिरा है." त्याने मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, उलटंपालटं केलं. "पानी? पानी का तो निशान भी नहीं है, बेटा. किसने बोला?" मी केबल त्याच्यापुढे सरकवली. मग त्याने केबल लावून बघितली, अर्ध्यात अडली, काढली. बॅटरीचा उजेड मारला, बारीक चिमटा आत घातला. "अरे साईं! इसमें तो गोदाम भरा है!"

चिमट्यातून बाहेर आला एक बोळा. निळ्या दोऱ्याचा, घट्ट वळलेला, मेणात बुडवून त्या चपट्या भोकाच्या मापाचा केलेला, असा बेमालूम की वरून बघणाऱ्याला आत नुसता काळोख दिसावा. म्हाताऱ्याने तो भिंगाखाली धरला आणि कौतुकाने म्हणाला, "जिसने भी भरा है, काम पक्का है." मला आधी काही कळेना. मग एकदम ते सगळं आठवलं, तुमच्या हातातून घेतलेला फोन, तुटलेलं झाकण, आणि माझं ते सर्किट शॉर्ट. त्याने केबल परत लावली. ती आत जात राहिली, जात राहिली, आणि खट्‌ करून बसली. त्याच्या कॉम्प्युटरने टिंग केलं. एवढीच जाते म्हणे! मी दुकानातल्या स्टुलावर बसून रडले, आई. म्हातारा बिचारा घाबरला, मला वाटतं त्याला वाटलं, मी पैशांमुळे रडतेय.

घरी आले, क्लिप कॉम्प्युटरवर घेतली, तुम्हाला बसवलं आणि लावली. मोठ्या स्पीकरमधून अण्णा बोलले. तुम्ही स्क्रीनकडे बघितलंच नाहीत, डोळे मिटून घेतलेत. स्क्रीनवर तर तुम्हीच होतात, तुम्हाला तुमचं काय कौतुक. "परत लाव," म्हणालात. परत लावली. मग मी मूठ उघडून बोळा दाखवला. "आई, हे तुम्ही भरलंत?"

"तूच म्हणाली होतीस ना, बंद ठेवा म्हणून. दोरा वळला, मेण लावलं आणि बसवला."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुझी वायर आत जाईना तेव्हाच माझ्या लक्षात आलं. म्हटलं, आपल्या बोळ्यानेच काहीतरी घोळ झाला. पण तिथे बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, कोणाच्या सांगण्यावरून कोंबला? मग तुझं नाव आलं असतं. तुझी आई बसलेली बाजूला. आणि तुला ह्या लोकांत नांदायचंय अजून. मी काय, जुनी झाले."

"म्हणून बादली?"

"समोर मोरीत बादली दिसली, तीच सांगितली. नंतर बोळा काढायला बघितला, तर पक्का बसलेला, निघेना." आणि तुम्ही हसलात, पदर तोंडाला लावून. मी तुमचे पाय धरायला वाकले तर म्हणालात, "हे असलं काही नको, चहा टाक." मी म्हणाले, मी ताईंना सगळं खरं सांगते. तुम्ही म्हणालात, "सांग सावकाश. घाई काय आहे?"

तुमचं ते सावकाश मी किती पुरवलं! त्याच संध्याकाळी ताईंना फोन केला, की क्लिप मिळाली. त्या आनंदाने रडल्या. म्हणाल्या, "वाळला वाटतं फोन." मी म्हणाले, "हो." एवढा एक शब्द. त्याच्यावर पुढची सगळी गोष्ट उभी राहिली, की आईने बुडवला आणि सुनेने वाचवला. विहारात, लग्नांत, ताईंच्या सासरी, सगळीकडे गेली ती. मी कॉम्प्युटरवाली होते ती अजूनच मोठी कॉम्प्युटरवाली झाले. दर वर्षी क्लिप लागायची, बादली निघायची, आणि तुम्ही स्वतः म्हणायचात, "हो बाई, पडला खरा." मला कधी टोचून बोलला नाहीत. कधी डोळ्यांनीसुद्धा नाही. एकदाच, आपण इथे खरवईला राहायला आल्यावर, पाहुणे गेल्यानंतर भांडी विसळताना तुम्ही म्हणालात, "ती बादली आता फार जुनी झाली गं. बदलायला हवी." मोरीतली बादली चांगली धडधाकट होती. तुम्ही कुठल्या बादलीबद्दल बोलताय ते मला कळलं होतं. पुरतं कळलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी मी बाजारातून लाल रंगाची नवी बादली घेऊन आले. तुम्ही ती बघितलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "रंग छान आहे." मग नळाखाली लावायला सांगितलीत. त्यानंतर तो विषय तुम्ही काढला नाहीत, आणि मग तुम्हीच राहिला नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशीही ताई रडता रडता बादलीचं सांगत होत्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, ते काय असतं ते मला तेव्हा कळलं.

मी स्वतःला काय काय सांगत आलेय! आता सांगून काय होणार, ताईंना उगाच वाईट वाटेल, आईंनीच तर सावकाश सांग म्हटलं होतं. सगळी थापेबाजी. खरं एवढंच की आता मी सुनांना सल्ले देण्याच्या वयाची झालेय, भावकीत माझा शब्द चालतो, आणि मला ते 'एवढीच जाते ती' परत सगळ्यांसमोर म्हणायचं नाहीये. तुम्ही तुमचं नाव एका झटक्यात टाकलंत, आणि मला अजून माझं टाकवत नाही.

हे ताईंना वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता एवढं लिहून झाल्यावर कळतंय की नाही दाखवणार. तुमच्या मेणबत्त्यांच्या तुकड्यांचा डबा अजून आहे, तो बोळाही त्यातच आहे, त्यातच हे घडी करून ठेवीन. पण कालचं एक सांगायचं राहिलं, आणि तेच सांगायला खरं तर बसले होते. तो नवा जावई क्लिप नीट ऐकत होता. अण्णा म्हणाले, एक कप फुटला नाही, आणि पाठोपाठ ताईंनी बादली काढली. इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्या आलं. सगळे हसत असताना तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामी, आजी इतक्या सांभाळून असायच्या, मग फोन कसा काय पडला?" खरंच विचारत होता. उत्तराची वाट बघत होता. आई, कालपर्यंत मी नुसती गप्प बसत होते. काल मी त्याच्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाले, "वय झालं होतं ना रे. निसटतं हातातून."